दुसऱ्याच्या आईजवळ

ग्राझ, १४ ऑक्टोबर

आई,

बाबांनी तुला माझा इथला पत्ता दिला, हे मला आवडलेलं नाही. पण तुझं खोकं पोचलं, आणि पोचल्याचंही कळवू नये इतकी मी अजून बिघडलेली नाही. फोन मात्र करू नकोस. फोनवर आपण एकतर भांडतो, नाहीतर तू रडतेस आणि मी गप्प बसते. त्या गप्प बसण्याचे पैसेही तूच भरतेस. लिहायचं असेल तर लिही.

मी ठीक आहे. शहर स्वच्छ आहे, माणसं शिस्तीची आहेत. परवा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं म्हणून लाल दिव्यात पलीकडे गेले, तर एक आजोबा मागून ओरडले, "लहान मुलं बघत असतात!" मी वळून पाहिलं. लहान मूल एकही नव्हतं. रविवारी दुकानं बंद, रस्ते बंद, तोंडं बंद. आपल्याकडे कुटाइसीत कुणी मेलं तरी एवढी शांतता नसते.

आपल्या शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं जर्मन इथे कुणीच बोलत नाही. इथली माणसं अर्धे शब्द गिळतात आणि उरलेले भुंकतात. वर्गात माझ्या शेजारी अझ्रा बसते. ती बोस्नियाची आहे, तुझ्लाची. ती म्हणते, "मान डोलवायची आणि शेवटी 'यो, यो', म्हणजे 'हो, हो', म्हणायचं. माझी मावशी इथे अठरा वर्षं त्यावरच जगतेय."

हा तयारीचा वर्ग आहे. जानेवारीच्या शेवटी भाषेची परीक्षा. पास झाले तर विद्यापीठात जायचं, पूल बांधायला शिकायचं. नापास झाले तर राहण्याचा परवाना वाढणार नाही आणि मी परत बाबांच्या स्वयंपाकघरात. मधलं काही नाही.

राहते एका म्हाताऱ्या बाईंकडे. वर्गाबाहेर चिठ्ठी लावलेली होती, खोलीचं भाडं नाही, बदल्यात घरात मदत. त्यांचं नाव फ्राउ ट्रुमर. वय शहाऐंशी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मला दारातच उभं करून विचारलं, "जॉर्जिया? अमेरिकेतलं?"

"नाही, कॉकेशसमधलं."

"म्हणजे रशियन."

"नाही."

"असू दे. जिना चढता येतो ना?"

"येतो."

"मग मला चालेल."

तू हे वाचून काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. हे तुझ्यासारखं म्हातारी सांभाळायचं काम नाही. मी विद्यार्थिनी आहे. बाजार आणायचा, कचरा सात डब्यांत वेगवेगळा टाकायचा, खिडक्या पुसायच्या. बस्स.

तुझ्या खोक्यातली इटालियन कॉफी मी त्यांना दिली. म्हणाल्या, "इटलीवाल्यांना कॉफी तेवढी कळते."

तमता


ग्राझ, ३ नोव्हेंबर

आई,

तू विचारलंस, जेवतेस का. जेवते. फ्राउ ट्रुमर सगळ्यावर भोपळ्याच्या बियांचं तेल ओततात, काळंहिरवं, गाडीच्या इंजिनातलं वाटावं असं. पहिल्या दिवशी मला मळमळलं. आता पावाला लावून खाते. मी एकदा त्यांना चीज भरून आपली खाचापुरी करून घातली, इथलं चीज आळणी निघालं. त्यांनी संपवली आणि म्हणाल्या, "पोटात दगड घेऊन झोपायची पद्धत आहे का तुमच्याकडे?" पण संपवली.

परवा इथे मृतांचा दिवस होता. सगळं शहर मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात. फ्राउ ट्रुमर माझ्या दंडाला धरून चालल्या. नवऱ्याच्या कबरीवरची पानं मला वेचायला लावली आणि स्वतः बाकावर बसून "ते राहिलं, ते राहिलं" करत राहिल्या. धुकं इतकं होतं की पलीकडची माणसं दिसत नव्हती, नुसते दिवे.

"मुलं?" मी विचारलं.

"एक मुलगी. उल्रिके. लिंझला दातांची डॉक्टर आहे. लोकांना तोंड उघडायला लावते, स्वतः माझ्याशी उघडत नाही." मग म्हणाल्या, "तुझी आई?"

"इटलीत. बारीला."

"काय करते?"

"हॉटेलात आहे," मी म्हटलं. "स्वागतकक्षात."

तुला वाईट वाटेल हे ठाऊक असून लिहितेय. का लिहितेय ते मात्र ठाऊक नाही.

आणि तू आजीच्या कबरीबद्दल विचारलंस. दगड बसवलाय, बाबांनी लोखंडी कठडाही केलाय. फोटो पाठवणार नाही. तुझ्याकडे कागद नव्हते, एकदा इटलीबाहेर पडलीस की परत आत येता आलं नसतं, मग आमचं सगळ्यांचंच चालणं अवघड होतं, हे बाबांनी मला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. पण पाठ होणं म्हणजे पटणं नव्हे. आजीला खड्ड्यात उतरवताना बायका मला पुढे ढकलत होत्या, "लेकीच्या जागी तू माती टाक" म्हणत. मी सोळा वर्षांची होते.

तमता


ग्राझ, २६ नोव्हेंबर

आई,

एक विचारायचं आहे. दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही.

फ्राउ ट्रुमर न्हाणीघरात पडल्या. फार लागलं नाही, कोपर काळंनिळं झालंय. पण मी आत गेले तेव्हा त्या टबात उघड्या, थंडीने कुडकुडत, आणि मला बघून ओरडल्या, "बाहेर हो!" मी बाहेर गेले. मग आतून आवाज आला, "अगं, आत ये की. एकटीने कशी उठू?"

मी त्यांना कसंतरी ओढून काढलं. माझ्या हातांचे वळ त्यांच्या दंडावर उठले. त्या रडल्या नाहीत. मी रडले, माझ्या खोलीत जाऊन.

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा म्हणाल्या, "उल्रिकेला कळता कामा नये. तिला कळलं की ती मला वृद्धाश्रमात टाकणार. आणि मला टाकलं की तुझी खोली गेली. नीट विचार कर, पोरी. आपण दोघी एकाच फांदीवर बसलोय."

तेव्हापासून त्यांची आंघोळ माझ्याकडे आली. पाय वळत नाहीत म्हणून मोजे माझ्याकडे आले. रात्रीचं भांडंही आलं. मी नाही म्हटलं नाही. केव्हा म्हणायला हवं होतं तेच कळलं नाही.

तर विचारायचं ते हे. ओल्या म्हाताऱ्या बाईला न दुखवता कसं उचलायचं? आणि दोघींनाही लाजेने मेल्यासारखं होऊ नये म्हणून काय करायचं?

लवकर लिही. शनिवारी पुन्हा आंघोळ आहे.

तमता


ग्राझ, १८ डिसेंबर

आई,

तू सांगितलंस तसं केलं. आधी टॉवेल गरम केला, खांद्यावर टाकला, मग पाणी. नजर भिंतीवर. पाठीमागून काखेत हात घालून, त्यांच्या श्वासाबरोबर उचललं. आणि तू लिहिलं होतंस, "बोलत राहा, कशाहीबद्दल बोल, म्हणजे तिला वाटेल की हात दुसऱ्याच कुणाचे आहेत." मी रिओनी नदीबद्दल बोलत राहिले, पुराच्या वर्षी तिच्यातून कपाट कसं वाहत गेलं ते. त्या हसल्या.

नंतर कोरड्या होऊन बसल्यावर म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?"

"आईने."

"हॉटेलात शिकली वाटतं?"

त्या म्हणाल्या, "मीही तरुणपणी शेजाऱ्यांना सांगायची की माझा नवरा रेल्वेत साहेब आहे. डबे धुवायचा तो."

बाकी बरं नाही. सकाळी त्यांना उठवून, धुऊन, खायला घालून निघेपर्यंत पहिला तास बुडतो. वर्गातल्या बाईंनी मला थांबवून घेतलं. अशीच गैरहजेरी राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणाल्या. अझ्रा म्हणते, "सोड ते घर. माझ्या वसतिगृहात जमिनीवर झोप." पण वसतिगृहात पाहुण्याला फार दिवस ठेवत नाहीत, आणि परवान्याला पत्ता लागतो.

रविवारी उल्रिके आली. उंच, नीटनेटकी, बूट दारात काढून स्वतःच्या सपाता पिशवीतून काढणारी. आईचं कोपर तिला लगेच दिसलं. मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लावलं.

"मी सगळं ओळखून आहे," ती म्हणाली. "तुम्ही खूप करता. आई तुमच्यावर खूश आहे, आणि ती कधी कुणावर खूश नसते. तो कोर्स सोडा. इथे पूर्ण वेळ राहा. पगार, विमा, कागद, सगळं मी बघते. एकच वर्ष. मग शिका हवं ते." आणि मग म्हणाली, "तुम्हा लोकांत म्हाताऱ्या माणसांची किंमत असते. आमच्यात ती राहिली नाही."

मी विचार करून सांगते म्हटलं. दार उघडलं तर फ्राउ ट्रुमर बाहेर भिंतीला धरून उभ्या. सगळं ऐकलं होतं. मला काही म्हणाल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, "कॉफी घेऊन जा."

आई, काय करू? परीक्षेत मी नापास होईन असंच वाटतंय. आणि इथे निदान कागद मिळतील. तू आठ वर्षं ज्यांच्यामागे आहेस ते कागद.

तमता


ग्राझ, ९ जानेवारी

आई,

पाकीट जाड होतं म्हणून मला वाटलं मोठं पत्र असेल. आत नाताळचं कार्ड, आणि मागे एवढंच. "नाही. मीसुद्धा एकच वर्ष म्हणून आले होते."

मी ते ट्रॅममध्ये वाचलं आणि दोन थांबे पुढे गेले.

उल्रिकेला फोन करून 'नाही' म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "समजते मी." तिने मार्चपासून एका वृद्धाश्रमात जागा धरली आहे, तोवर मी निभवावं. फ्राउ ट्रुमर त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडून बसले होते, तर माझ्यासमोर सोललेलं सफरचंद ठेवलं आणि म्हणाल्या, "शहाणी आहेस. मला तुझा राग आलाय. दोन्ही खरं आहे."

आता संध्याकाळी त्याच माझा अभ्यास घेतात. मी चुकले की काठी आपटतात. "नामाचं लिंग चुकलीस! आमच्याकडे पूल स्त्रीलिंगी आहे. बांधणार काय तू, लिंग माहीत नसलेला पूल?" काल मात्र त्यांनी मला तीनदा तोच प्रश्न विचारला, आणि तीनदा उत्तर ऐकून नव्याने खूश झाल्या.

परवा, सात तारखेला, आपला नाताळ एकटीने केला. म्हणजे दोघींनी. त्यांनी विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे आज येशू जन्मतो." त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे तोही उशिरानेच." मी अक्रोडाची चटणी घालून वांगी केली होती.

तमता


ग्राझ, ३१ जानेवारी

आई,

परीक्षा पास झाले. हे आधी लिहिते, कारण नंतरचं लिहिल्यावर ते लिहिता येणार नाही.

काल सकाळची गोष्ट. मी बूट घालत होते आणि आतून धप्प आवाज आला. त्या पलंगाशेजारी पडलेल्या, एक पाय विचित्र वळलेला. चेहरा कागदासारखा. ओरडत नव्हत्या, नुसतं "हं, हं, हं" चाललं होतं. मी रुग्णवाहिका बोलावली, उल्रिकेला फोन केला. ती म्हणाली, "निघते," पण लिंझहून ग्राझला यायचं म्हणजे दुपार होणार. मी त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, जवळ बसले. त्यांनी माझं मनगट धरलं.

दोन माणसं आली. त्यांतला वयस्क मला म्हणाला, "नात का तुम्ही?"

"नाही."

"मग?"

"भाडेकरू."

"बरोबर चला. हात सोडत नाहीयेत त्या."

मी म्हटलं, माझी परीक्षा आहे. आत्ता. मी पुन्हा म्हटलं, बहुतेक मोठ्याने. त्याने खांदे उडवले. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तरी हात तसाच, जिन्यात मी त्यांच्या बाजूने उलटी उलटी उतरत गेले. खाली गाडीचं दार उघडं होतं. शेजारचा एक माणूस कुत्र्याला घेऊन थांबून बघत होता.

मी त्यांची बोटं सोडवली. एकेक करून. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत एवढा जोर असतो हे तुला ठाऊक असेल. एक सोडवलं की दुसरं घट्ट होत होतं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी. मग मी पळाले. ट्रॅम समोर होती. ती चुकली असती तर मी परत वळले असते का, हे मला कळायचं राहून गेलं.

निबंधाचा विषय होता, "माझं गाव." मी लिहिला. एकही लिंग चुकलं नाही.

दुपारीच निकाल लागला, तेव्हा वर्गाबाहेर अझ्राने मला मिठी मारली आणि मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "कोण मेलं?"

संध्याकाळी दवाखान्यात गेले. खुब्याचं हाड मोडलंय, शस्त्रक्रिया झाली होती. उल्रिके खिडकीशी उभी. फ्राउ ट्रुमरनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "परीक्षा झाली का तुमची?"

तुमची. पहिल्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करत आल्या. आता तुम्ही. त्यांनी मला ओळखलं नाही, की ओळखून तसं म्हणाल्या, मला कळलं नाही. मी म्हटलं, "झाली. पास झाले." त्या म्हणाल्या, "अभिनंदन," आणि भिंतीकडे वळल्या.

आई, तू निघालीस तो कुटाइसीच्या बसअड्ड्यावरचा दिवस तू कधी लिहिला नाहीस. मीही लिहिला नाही. आजही लिहीत नाही.

तमता


ग्राझ, १० फेब्रुवारी

आई,

फ्राउ ट्रुमर गेल्या. शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनिया झाला. शेवटचे दोन दिवस मी रोज जात होते. उल्रिके असायची, नसेल तेव्हा मी. त्या बोलल्या नाहीत. मी ओठ ओले करत होते आणि बोलत होते, तू सांगितलंस तसं, कशाहीबद्दल.

दफनाला नऊ माणसं. पाद्रीने त्यांचं नाव बरोबर उच्चारलं, बाकी सगळं मोघम. नंतर खाणावळीत सूप आणि उकडलेलं मांस. सगळी हळू बोलत होती, मग हळूहळू मोठ्याने, मग स्कीच्या सुट्टीबद्दल. रडलं कुणीच नाही. आपल्याकडे रडायला भाड्याने आणलेली बाईसुद्धा रडते. मी रडणार होते, पण मला वाटलं, आधी मुलीचा हक्क.

बाहेर उल्रिके सिगारेट ओढत होती. मी म्हटलं, "मी त्या दिवशी गेले. हात सोडवून."

"माहीत आहे. गाडीतल्या माणसाने सांगितलं."

ती म्हणाली, "बरोबर केलंत. मीही गेलेच असते." मग राख झटकली. "मी तर कायमच जात आले."

घर विकायचं आहे. मला महिनाअखेरपर्यंत राहू दिलंय. विद्यापीठ मार्चमध्ये सुरू होईल, तेव्हापासून अझ्राकडे. तिने वसतिगृहाच्या बाईंना सांगितलंय की मी तिची चुलत बहीण. "नाक तरी सारखं आहे," म्हणते.

तू लिहिलंस, "मी येऊ का ग्राझला? गाडीत क्वचितच तपासतात." वेडी आहेस का? पकडली गेलीस तर? तू कुठेही निघू नकोस. मी येते. तुझी सुट्टी गुरुवारी दुपारची ना? तू सांभाळतेस त्या सिन्योराला सांग, त्या दिवशी तिची मुलगी बसेल तिच्याजवळ.

तमता


ग्राझ, १३ मार्च

आई,

पोचले. भाकरी आणि चीज तुझ्या सांगण्याप्रमाणे बोलोन्यापर्यंत पुरवलं. तू डब्यात घातलेली त्केमालीची, आंबट आलुबुखारच्या चटणीची बाटली फुटली नाही, अझ्राने आंबट तोंड करत अर्धी संपवली.

बारीला आपण फार बोललो नाही. चौकातल्या त्या बाकावर आपल्याकडच्या तुझ्या सगळ्या मैत्रिणी, कुणी झुग्दिदीची, कुणी रुस्तावीची, आणि सगळ्या मला बघायला. "लामाराची मुलगी! इंजिनिअर!" त्यातली एक माझे गाल ओढत होती आणि डोळे पुसत होती. तिच्या मुलाला तिने बारा वर्षांत पाहिलेलं नाही म्हणे. तू मध्ये बसून सारखी घड्याळ बघत होतीस, कारण सातला सिन्योराचं औषध. मला तुझा राग आला नाही. तुला वाटलं असेल आला, म्हणून लिहिते.

पण मी एक गोष्ट खोटी बोलले. ती तोंडावर सांगता आली नाही.

मला उतरायला उशीर झाला नव्हता. मी उतरले तेव्हा फलाटावर गर्दी होती आणि मी तुला शोधत होते. माझ्या मनात तू होतीस ती काळ्या केसांची, बारीक, लाल ओठांची. तशी कुणीच दिसेना. एक जाड, पांढऱ्या केसांची बाई, सुजलेल्या पायांत पुरुषी बूट घातलेली, लोकांच्या तोंडाकडे बघत फिरत होती. मला वाटलं, भीक मागतेय. मी पिशवी जवळ घेतली.

शेजारच्या डब्यातून एक मुलगी उतरली, पंधरा-सोळाची, लांब वेणीची. शाळेतल्या माझ्या त्या शेवटच्या फोटोत आहे तशी वेणी. ती बाई तिच्याकडे धावली. तिचे दोन्ही दंड धरले आणि म्हणाली, "आई, आलीस?"

मी अझ्राला हे सांगत होते तर तिला कळेना. मग समजावलं की आमच्याकडे आया लेकरांनाच 'आई' म्हणून हाक मारतात, लाडाने, जिवाच्या हाकेने. आजी मला तमताच म्हणायची, बाबाही. ती हाक मी अकराव्या वर्षानंतर ऐकली नव्हती. आणि ऐकली ती अशी, दुसरीला मारलेली.

मुलगी घाबरली. इटालियनमध्ये काहीतरी बोलून निघून गेली. तू "माफ कर, माफ कर" म्हणत राहिलीस, ती गेल्यावरही. मग वळलीस. माझ्याजवळून गेलीस, इतक्या जवळून की तुझ्या कोटाला येणारा औषधांचा वास मला आला. माझ्याकडे पाहिलंस. माझे कापलेले केस, चष्मा, सगळं पाहिलंस आणि पुढच्या तोंडाकडे गेलीस.

मी हाक मारली नाही. वर्तमानपत्रांच्या दुकानामागे जाऊन उभी राहिले. श्वास ठिकाणावर आला, तेव्हा फलाटावर फारसं कुणी उरलं नव्हतं. मग मी पिशवी उचलली, आणि आत्ताच उतरल्यासारखी लांबून चालत, हात हलवत आले. मागचा डबा होता, उतरायला उशीर झाला, म्हणाले.

तू माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, "दुरूनच ओळखलं गं तुला."

मी म्हणाले, "मीपण."

तमता